‘द क्वायट मॅन’चा शेवट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या चित्रपट मंडळात जॉन फोर्ड यांचा ‘द क्वायट मॅन’ (१९५२) दाखवला की लोक हसत बाहेर पडतात आणि दोन दिवसांनी प्रश्न पाठवायला लागतात. आयर्लंडमधलं एक खेडं, तिथली सोयरीक, रुसवेफुगवे, शेवटी लांबलचक मारामारी. सगळं सोपं वाटतं, पण शेवट आठवायला लागलं की एकेक गाठ लक्षात येते. तिने पैसे मागितले का, मग जाळले का, कानात काय सांगितलं? गेल्या काही वर्षांत पुन:पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहा, कारण पुढे सगळंच सांगितलं आहे.

१. शेवटी नेमकं काय होतं? मला नीट आठवत नाही.

शॉन थॉर्नटन (जॉन वेन) अमेरिकेतून इनिसफ्री या आपल्या जन्मगावी परत आला आहे आणि तो जिथे जन्मला ते घर विकत घेऊन राहतो आहे. मेरी केट डॅनाहरशी (मॉरीन ओ’हारा) त्याचं लग्न झालं आहे, पण तिचा भाऊ रेड विल डॅनाहर (व्हिक्टर मॅक्लाग्लेन) याने तिच्या हक्काचे ३५० पौंड अडवून धरले आहेत. ते मागायला शॉन जात नाही. एका सकाळी मेरी केट घर सोडते आणि डब्लिनची गाडी पकडायला कॅसलटाउन स्टेशनवर येते. शॉन तिला डब्यातून खाली उतरवतो आणि तिथून पाच मैल, कधी चालवत, कधी ओढत, विलच्या शेतावर घेऊन जातो. मागे सगळं गाव.

शेतावर मळणी चालू असते. पैसे नाहीत तर लग्नही नाही, रीत तुमची आहे, माझी नाही, असं सांगून शॉन तिला भावाच्या पुढ्यात लोटतो. विल चिडून नोटा फेकतो. शॉन त्या उचलतो, मेरी केट मळणीच्या इंजिनाच्या भट्टीचं दार उघडते आणि तो पैसे आत टाकतो. जेवण तयार ठेवते असं सांगून ती ताठ मानेने गर्दीतून वाट काढत घरी जाते. मग विल हात उगारतो, शॉन तो चुकवतो आणि मारामारी सुरू होते. ती रानातून, ओढ्यातून, पॅट कोहनच्या दारूच्या गुत्त्यातून जाते. संध्याकाळी दोघे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गात गात मेरी केटच्या दारात येतात.

त्यानंतर एक छोटं उपसंहारासारखं प्रकरण आहे. गाव मिळून पाद्री प्लेफेअर यांना बदलीपासून वाचवतं, विल आणि त्याच्या मनात भरलेली विधवा टिलेन यांची रीतसर भेटगाठ सुरू होते, आणि सगळी पात्रं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात.

२. मेरी केटला पैशांचं एवढं वेड का? नवऱ्याकडे पैसा आहे, मग ३५० पौंडांसाठी घर सोडून जायचं?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेकांची मेरी केटवरची नाराजी इथूनच सुरू होते. शॉनचाही हाच गैरसमज आहे. त्याने घरासाठी हजार पौंड मोजलेले असतात, त्यामुळे त्याला ३५० पौंड म्हणजे किरकोळ रक्कम वाटते. तो मनापासून सांगतो की मला तुझे पैसे नकोत. त्याला वाटतं आपण उदारपणा दाखवतोय. तिला ऐकू येतं ते असं की तुझं जे काही आहे त्याला माझ्या लेखी किंमत नाही.

मराठी वाचकाला हे समजून घ्यायला एक शब्द फार उपयोगी आहे, तो म्हणजे स्त्रीधन. मेरी केट आईविना भावाच्या घरात राहिली आहे, तिथे ती सगळ्या गड्यांना रांधून वाढते. त्या घरात तिचं म्हणावं असं काही असेल तर आईकडून आलेलं सामान आणि तिच्या नावची ती रक्कम. लग्नानंतरच्या भांडणात ती शॉनला सांगते की माझ्या वस्तू माझ्याभोवती येत नाहीत तोवर मी लग्न झालेली बाई नाही, आजवर जशी मोलकरीण होते तशीच इथेही आहे. त्या सामानात पिढ्यान्‌पिढ्यांची स्वप्नं आहेत, असंही म्हणते. हे बोलणाऱ्या बाईला पैशाची हाव आहे असं मला वाटत नाही. तिला नवऱ्याच्या घरात स्वतःच्या पायावर उभं राहून शिरायचं आहे.

आणि शॉनची गोष्ट वेगळी कुठे आहे? पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांच्या गावातून तो समुद्र ओलांडून आला, कारण आईने वर्णन केलेलं घर त्याच्या डोक्यात बसलं होतं. पुलावर उभं राहून तो पहिल्यांदा ते घर पाहतो तेव्हा आईचा आवाज ऐकू येतो. आईच्या आठवणीपायी त्याने हजार पौंड दिले हे गावाला विचित्र वाटतं, पण आपल्याला कळतं. तिने आईच्या आठवणीपायी हट्ट धरला तर तो आपल्याला लोभ का वाटावा? सिनेमाचा अर्धा विनोद आणि सगळं दुःख या एका न जुळलेल्या तारेत आहे: दोघांची ओढ एकाच गोष्टीची आहे आणि त्याला मात्र फक्त स्वतःची दिसते.

३. पण सामान तर लग्नानंतर लगेच घरी येतं. मग ती तरीही नाराज का?

कारण गावकऱ्यांनी विलला पटवून सामान आणलं, शॉनने नाही. आणि रक्कम अजून विलच्या खिशात आहे. ती पैशांबद्दल विचारते आणि ते आलेले नाहीत हे कळल्यावर तिचा चेहरा पडतो, तो क्षण नीट पाहा. वस्तू मिळाल्या, पण तिच्यासाठी कुणी उभं राहिलं नाही. गावाच्या नजरेत तिचा नवरा भावाला घाबरतो. तिला लागलेली खरी टोचणी हीच आहे.

४. हा सरळ सरळ हुंडाच आहे ना? आपण ज्याला गुन्हा म्हणतो त्याचं कौतुक कसं करायचं?

शंका रास्त आहे. आपल्याकडे हुंडा म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाकडून वसूल केलेली रक्कम. १९६१ पासून त्यावर कायद्याने बंदी आहे आणि त्यापायी किती मुलींचे जीव गेले हे वेगळं सांगायला नको. त्या चष्म्यातून पाहिलं की मेरी केट स्वतःच हुंडा मागणारी विचित्र नवरी वाटते.

सिनेमातलं नातं नेमकं उलटं आहे. वराला रक्कम नको आहे, वधूला हवी आहे, आणि ती अडवतोय तो वधूचा भाऊ. म्हणून सबटायटलमधला ‘डाउरी’ हा शब्द ‘हुंडा’ असा मनात न घेता ‘स्त्रीधन’ किंवा ‘तिचा वाटा’ असा घेतला तर शेवट आपोआप उलगडतो. आमच्या इथे मी प्रास्ताविकात हे एवढंच सांगतो आणि नंतरच्या गप्पांचा सूरच बदलतो.

एक गोष्ट मात्र लपवू नये. प्रत्यक्ष आयर्लंडच्या खेड्यांत ही रक्कम नेहमी मुलीच्याच हाती राहायची असं नाही. १८४५ ते १८५२च्या दुष्काळानंतर जमिनीचे तुकडे करणं थांबलं, शेत एकाच मुलाकडे जाऊ लागलं, बाकीची भावंडं बोटीने परदेशी गेली किंवा बिनलग्नाची राहिली. अशा वेळी सुनेने आणलेली रक्कम अनेकदा सासऱ्याकडे जायची आणि त्यातून तो आपल्या मुलीला उजवायचा. म्हणजे आपल्या ओळखीचंच गणित. फोर्ड आणि पटकथाकार फ्रँक न्यूजंट यांनी त्या रिवाजातून बाईच्या हक्काचा धागा तेवढा उचलला.

५. एवढा जीव टाकून मागितलेले पैसे दोघांनी जाळले कशाला? हा अडाणीपणा नाही का?

माझ्या मते हा अख्ख्या सिनेमातला सगळ्यात शहाणा क्षण आहे. वर (प्रश्न २ आणि ३) सांगितलं तसं तिला हवी होती ती मान्यता: हे माझं आहे, आणि माझा नवरा ते चारचौघांत मागून घेईल. विलने नोटा फेकल्या त्याच क्षणी ही गोष्ट पूर्ण झाली. नोटांचं काम संपलं.

पण भट्टीचं दार कोण उघडतं ते बघा. शॉनने एकट्याने पैसे जाळले असते तर तो पुन्हा तोच जुना उदारपणा झाला असता, ‘मला नकोत’ असं तिच्या वतीने ठरवणारा. दार मेरी केट उघडते. तिने शॉनला काही सांगितलेलं नाही, त्याने विचारलेलं नाही, आणि तरीही दोघांचे हात एकाच वेळी एकाच कामाला लागतात. इतका वेळ एकमेकांचं बोलणं न कळलेल्या नवरा-बायकोला इथे पहिल्यांदा न बोलता कळतं. त्यांचं लग्न खऱ्या अर्थाने इथे लागतं असं मी मानतो, आणि आग साक्षीला आहे हे आपल्या प्रेक्षकाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. फोर्डच्या मनात अर्थातच सप्तपदी नव्हती. पण तो प्रसंग पाहताना आमच्याकडच्या एका आजींनी “लागलं बाई एकदाचं!” असं मोठ्याने म्हटलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

६. ते यंत्र कसलं आहे?

मळणीचं यंत्र चालवणारं वाफेचं इंजिन. त्याच्या भट्टीत पैसे जातात. हंगामात असं यंत्र आलं की आजूबाजूचे सगळे हात एकाच शेतावर जमायचे. विलचा पाणउतारा व्हायला याहून भरलेलं खळं सापडलं नसतं.

७. शॉन एवढा धिप्पाड, मग आधीच का लढत नाही? घाबरतो का?

नाही. अमेरिकेत तो ‘ट्रूपर थॉर्न’ या नावाने मुष्टियोद्धा होता आणि बक्षिसाच्या एका लढतीत त्याच्या ठोशाने समोरचा माणूस मेला. लग्नाच्या मेजवानीत विल त्याला पाडतो तेव्हा पडल्या पडल्या त्याला ती लढत आठवते. पैशासाठी पुन्हा कुणावर हात टाकायचा नाही, ही त्याची प्रतिज्ञा आहे. हे गुपित गावात फक्त पाद्री प्लेफेअर यांना माहीत असतं. बायकोलाही नाही.

म्हणून शेवटाची रचना अशी आहे: आधी पैसे जळतात आणि मग मारामारी होते. पैशासाठी लढायचं नाही हा त्याचा शब्द अक्षरशः पाळला जातो. पहिला हातही विल उगारतो. एवढी काळजी पटकथेने घेतली आहे, आणि घाईने पाहिलं तर ती निसटते.

८. मारामारी इतकी लांब का? आणि दोघे मध्येच थांबून पितात काय?

गावाला ही मारामारी पहिल्या दिवसापासून हवी होती. त्यामुळे ती सुरू झाल्यावर जत्राच भरते. गावात स्थळं जुळवणारा मध्यस्थ मिकलीन ओग फ्लिन (बॅरी फिट्झजेराल्ड) पैजा लावून घेतो. अंथरुणाला खिळलेला म्हातारा डॅन टोबिन, ज्याच्या उशाशी धर्मगुरू शेवटचं वाचन करत असतो, तो आरडाओरडा ऐकून उठून बाहेर धावतो. क्वीन्सबेरीच्या नियमांनी लढायचं ठरतं, १८६७ पासूनचे मुष्टियुद्धाचे सभ्य नियम ते, आणि लगेच मोडतात. मग कोहनकडे विश्रांती, पेयाचे पैसे कोणी द्यायचे यावरून नवा वाद, आणि शेवटचा ठोसा ज्याने विल दारासकट बाहेर जातो. दुःखद मारामारीतला माणूस मध्ये पाणी प्यायला थांबत नाही. इथे थांबतात, कारण राग केव्हाच संपलेला आहे आणि उरली आहे ती हौस.

विलचं काम करणारे मॅक्लाग्लेन तेव्हा पासष्टीच्या उंबरठ्यावर होते, आणि तरुणपणी खरोखरच मुष्टियोद्धे होते. १९०९ साली ते जागतिक विजेता जॅक जॉन्सन याच्याविरुद्ध प्रदर्शनीय लढतीत उतरले होते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकनही मिळालं.

लांबीवरून प्रत्यक्षातही खटका उडाला होता. सिनेमा काढणाऱ्या रिपब्लिक कंपनीचे प्रमुख हर्बर्ट येट्स यांना सिनेमा दोन तासांपेक्षा मोठा नको होता. फोर्ड यांनी खासगी खेळात बरोबर दोन तासांनी, ऐन मारामारीत, प्रोजेक्टर बंद करायला लावला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. सिनेमा शेवटी १२९ मिनिटांचाच राहिला.

९. एवढं बडवल्यावर दोघांची मैत्री कशी होते?

विल दुष्ट नाही, एकाकी आहे. त्याला पहिल्यांदाच तोलामोलाचा माणूस भेटला. शिवाय त्याचीही फसवणूक झालेली आहे, ते पुढच्या उत्तरात.

१०. विल आणि विधवा टिलेन यांचं शेवटी जमतं का?

शेवटच्या दृश्यांत ते मिकलीनच्या घोडागाडीत बसलेले दिसतात, म्हणजे रीतसर बोलणी सुरू झाली. त्या गावात लग्नाआधी दोघांनी एकटं फिरायचं नाही. गाडीवर पाठीला पाठ लावून बसायचं आणि मध्यस्थ लगाम धरून मर्यादांची आठवण करून देणार. हीच गाडी, हाच मिकलीन सिनेमाच्या मध्यात शॉन आणि मेरी केटला घेऊन निघाला होता.

पार्श्वभूमी अशी की बहिणीच्या लग्नाला विलने होकार द्यावा म्हणून फादर लॉनरगन आणि मंडळींनी त्याला थाप मारली होती: घरात एक बाई असताना दुसरी कशी येईल, मेरी केट सासरी गेली की विधवा टिलेन तयारच आहे. विलने भर मांडवात आपलं लग्न जाहीर केलं, विधवाबाई संतापल्या, आणि त्या अपमानात त्याने रक्कम अडवली. म्हणजे मेरी केटचे पैसे अडले ते गावाच्या गोड लबाडीमुळे. शेवटी विलचं मार्गी लावणं हे गावावर ऋणच होतं.

११. धर्मगुरू लोकांना ‘प्रोटेस्टंटांसारखं ओरडा’ असं का सांगतात? हा विनोद कळला नाही.

इनिसफ्रीत जवळजवळ सगळे कॅथलिक आहेत. प्लेफेअर हे प्रोटेस्टंट पाद्री, आणि त्यांचे अनुयायी बोटांवर मोजण्याएवढे. त्यांचे बिशप पाहणीला आलेत. एवढ्या लहान मंडळीसाठी पाद्री कशाला, म्हणून बदली होण्याची भीती आहे. तेव्हा कॅथलिक फादर लॉनरगन (वॉर्ड बाँड) आपली गळपट्टी झाकून रस्त्यात उभे राहतात आणि आपल्याच लोकांना सांगतात की बिशपची मोटार आली की प्रोटेस्टंट असल्यासारखा जयजयकार करा. शत्रुत्वाचा मोठा इतिहास असलेल्या दोन पंथांबद्दल १९५२ साली हा प्रसंग रचलेला आहे, हे लक्षात ठेवलं की त्यातली माया कळते.

पडद्यामागची एक गोष्ट मला फार आवडते. कॅथलिक मध्यस्थ मिकलीन झालेले बॅरी फिट्झजेराल्ड आणि प्रोटेस्टंट प्लेफेअर झालेले आर्थर शील्ड्स हे सख्खे भाऊ, आणि दोघेही डब्लिनच्या प्रोटेस्टंट घरातले. त्यातले आर्थर १९१६च्या ईस्टर उठावात ब्रिटिशांविरुद्ध लढले होते.

१२. बायकोला पाच मैल फरफटत नेतात आणि आपण हसायचं? आज हा सिनेमा दाखवावा का?

दाखवावा, आणि हा प्रश्न विचारूनच दाखवावा. तो प्रसंग मला स्वतःला सुखाने पाहता येत नाही. वाटेत एक बाई पुढे येऊन शॉनला बायकोला मारायला काठी देते आणि त्यावर प्रेक्षागृहात हशा पिकतो, तेव्हा माझा हात खुर्चीवर घट्ट होतो. ओ’हारा यांनी पुढे सांगितलं आहे की त्या चित्रीकरणाच्या वेळी फोर्ड आणि वेन यांनी मुद्दाम मेंढ्यांच्या लेंड्या वाटेत टाकून त्यांना त्यातून ओढलं. त्या खमक्या होत्या, त्यांनी ते हसण्यावारी नेलं. तरी ते कळल्यावर पडद्यावरचा ओला, मळका परकर वेगळा दिसतो.

समर्थनार्थ लोक म्हणतात की मेरी केटही हात चालवते, तिला नवऱ्याने सगळ्या गावासमोर ठाम उभं राहावं असंच वाटत होतं, आणि शेतावर पोचल्यावर ती खुलते. हे सगळं सिनेमात आहे. पण शेवट गोड झाला म्हणून वाट योग्य ठरत नाही. शॉनने मागणी विलकडे करायची होती. त्याआधी बायकोला ओढण्याची गरज कथेला नव्हती, प्रेक्षकांच्या करमणुकीला होती. प्रश्न ५ मधला भट्टीचा क्षण मला जितका प्रिय आहे तितकीच ही पाच मैलांची वाट मला खुपते. दोन्ही एकाच सिनेमात आहेत. त्या काठीचं पुढे काय होतं, ते खाली प्रश्न १३ मध्ये.

१३. अगदी शेवटी मेरी केट शॉनच्या कानात काय सांगते?

हे कुणालाही कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. ते वाक्य फोर्ड यांनी ओ’हारांना दिलं होतं. ते ऐकून त्या म्हणाल्या की असलं मी बोलणार नाही. शेवटी एका अटीवर तयार झाल्या, की ते कधीही उघड करायचं नाही. फोर्ड, वेन आणि त्या, एवढ्या तिघांनाच ते माहीत होतं. फोर्ड १९७३ साली गेले, वेन १९७९ साली, ओ’हारा २०१५ साली. आपल्याला दिसतो तो फक्त जॉन वेनचा चेहरा, आणि तो चेहरा अभिनयाचा वाटत नाही.

नेटवर फिरणारी ‘खरी वाक्यं’ पाठवून ती बरोबर आहेत का असं विचारू नका. ती सगळी रचलेली आहेत.

त्यापेक्षा पुढच्या दोन-तीन सेकंदांकडे लक्ष द्या. कुजबुजून झाल्यावर ती शॉनच्या हातातली काठी काढून घेते, फेकून देते आणि घराकडे निघते. तो मागून. ज्या सिनेमात काठीवर हशा पिकवला, त्याच्या शेवटच्या चित्रात बाई ती काठी भिरकावते. याने प्रश्न १२ मिटत नाही, पण फोर्डना काठी आठवत होती एवढं नक्की.

१४. सगळी पात्रं कॅमेऱ्याकडे बघून हात का हलवतात?

नाटक संपल्यावर नट पुन्हा रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना अभिवादन करतात, तसंच. फिट्झजेराल्ड, शील्ड्स यांच्यासह यातली बरीच मंडळी डब्लिनच्या ॲबी थिएटरमधली होती. शिवाय हा घरचाच कारभार होता: डॅन टोबिन झालेले फ्रान्सिस फोर्ड हे दिग्दर्शकाचे थोरले भाऊ, टोबिनच्या उशाशी बसलेला तरुण धर्मगुरू म्हणजे ओ’हारांचा भाऊ, आणि मॅक्लाग्लेन यांचा मुलगा अँड्र्यू साहाय्यक दिग्दर्शक. निरोप देणारे हात पाहताना लग्नघराच्या दारातली मंडळी आठवतात ती उगाच नव्हे.

१५. मूळ कथेचा शेवटही असाच आहे का?

गाभा तोच, चव वेगळी. मॉरिस वॉल्श यांची कथा १९३३ साली ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये आली. नायक शॉन केल्विन लहान चणीचा आणि अबोल आहे, मेहुणा आडदांड. मळणी, भट्टी, जाळलेले पैसे आणि मग मारामारी हे सगळं कथेत आहे. पण तिथे मारामारी आटोपशीर आहे, आणि लहानखुऱ्या माणसाने दांडगटाला नमवण्यातली धार आहे. जॉन वेनसारखा उंचापुरा नट घेतल्यावर ती धार गेली. मग ‘तो जिंकेल का’ हा प्रश्न उरला नाही, ‘तो का लढत नाही’ हा उरला. ट्रूपर थॉर्नच्या गतकाळाला सिनेमात एवढं वजन आलं ते त्यामुळे.

१६. गाव खरं आहे का? शेवटाच्या जागा पाहता येतात का?

इनिसफ्री काल्पनिक आहे. बाह्यचित्रण १९५१च्या उन्हाळ्यात काउंटी मेयोमधल्या काँग या गावात आणि आसपास झालं. कॅसलटाउनचं स्टेशन म्हणजे काउंटी गॉलवेमधलं बॅलीग्लुनिन. कोहनच्या गुत्त्याची इमारत तेव्हा साधं दुकान होती, आतली दृश्यं स्टुडिओतली. फोर्ड यांचे आई-वडील याच गॉलवेच्या किनाऱ्यावरचे होते, आणि घराण्याचं आडनाव फीनी. त्यांनी कथेचे हक्क १९३६ साली घेऊन ठेवले आणि पैसा लावणारा मिळेपर्यंत दीड दशक थांबले. या सिनेमाने त्यांना दिग्दर्शनाचं चौथं ऑस्कर दिलं, आणि तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

जुळवणीची रीत पूर्ण संपलेली नाही. काउंटी क्लेअरमधल्या लिसडूनवार्ना इथे अजूनही सप्टेंबरात स्थळं जुळवण्याचा उत्सव भरतो.

१७. सगळं झाल्यावर ती ‘जेवण तयार ठेवते’ म्हणून घरीच जाते. म्हणजे शेवटी चूल आणि मूलच ना? ती हरलीच की.

हा प्रश्न एका कॉलेजच्या मुलीने विचारला होता आणि मी बराच वेळ गप्प बसलो होतो. तिचं म्हणणं खोटं नाही. १९२०च्या दशकातल्या खेड्यात बाईसाठी दुसरं दार सिनेमा उघडत नाही, आणि उघडण्याचा विचारही करत नाही.

तरी दोन जेवणं शेजारी ठेवून बघा. सिनेमाच्या सुरुवातीला मेरी केट भावाच्या घरात वाढते. टेबल त्याचं, शब्द त्याचा, आणि ती ताटं उचलणारी. शेवटी तोच भाऊ सुजलेल्या तोंडाने, झिंगत, तिच्या उंबऱ्याशी येतो. घर तिचं आहे, सामान तिच्या आईचं आहे. आणि ती दोघाही धटिंगणांना आधी पाय पुसायला लावते. विल डॅनाहर, ज्याच्या आवाजाने गाव दबकतं, तो मुकाट पाय पुसतो, या घरातल्या सर्वांचं देव भलं करो असं म्हणतो आणि पाहुण्यासारखा आत येतो.